जागतिक आरोग्याच्या संस्थेत नेमकी कोण माणसं असतात, आणि नवख्याने आपली जागा कशी शोधावी

आरोग्यासाठी देशोदेशी काम करणाऱ्या ना-नफा संस्थेत नोकरी करायची इच्छा असलेले बहुतेक जण दोनपैकी एका समजुतीत अडकलेले असतात. कोणी म्हणतं, 'मी डॉक्टर नाही, मग तिथे माझं काय काम?' आणि जो डॉक्टर असतो त्याला वाटतं, आपल्यासाठी दार सताड उघडंच आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत हे त्या संस्थांत आधीपासून कोण काम करतंय ते पाहिलं की कळतं. म्हणून पदव्यांची माहितीपत्रकं चाळण्याआधी आत असलेल्या माणसांचा अभ्यास करावा. तो कसा करायचा, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: संस्था करते काय, ते आधी ठरवा

'आरोग्याचं काम' या एका नावाखाली निदान चार वेगवेगळे धंदे चालतात. (धंदे हा शब्द मुद्दाम वापरलाय. संस्था नफा वाटून घेत नाही एवढंच. बाकी काम, मुदत, हिशेब सगळं तसंच असतं.)

काही संस्था स्वतः रुग्ण तपासतात. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स, म्हणजे एमएसएफ, ही त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली. अशा ठिकाणी परिचारिका, सुईणी, भूलतज्ज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि गोदाम सांभाळणारे लागतात. काही संस्था स्वतः दवाखाना चालवत नाहीत, सरकारी आरोग्य खात्याच्या पाठीशी उभ्या राहतात. क्लिंटन हेल्थ अ‍ॅक्सेस इनिशिएटिव्ह हे त्याचं उदाहरण. तिथे व्यवस्थापन सल्लागार, अर्थशास्त्र शिकलेले आणि खरेदीचे जाणकार भेटतील. तिसऱ्या प्रकारच्या संस्था औषधं किंवा उपकरणं तयार करतात. डीएनडीआय ही २००३ साली स्थापन झालेली संस्था दुर्लक्षित आजारांवर औषधं शोधते. आफ्रिकेत एका माशीच्या चाव्यातून होणाऱ्या निद्रारोगावर फक्त तोंडाने घ्यायची फेक्सिनिडॅझोल ही गोळी तिने आणली आणि युरोपच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये तिच्या बाजूने कौल दिला. तिथे रसायनशास्त्रज्ञ, औषध-चाचण्यांचे व्यवस्थापक, नियामक मंजुरीची कागदपत्रं तयार करणारे असे लोक असतात आणि त्यातले कित्येक औषध कंपन्यांतून आलेले असतात. चौथा प्रकार, पैसा कुठे द्यायचा ते ठरवणाऱ्या संस्था. गिव्हवेल २००७ साली सुरू झाली. ती सुरू करणारे दोघे हेज फंडात, म्हणजे बड्यांचा पैसा गुंतवणाऱ्या कंपनीत, विश्लेषक होते, वैद्यकाशी त्यांचा संबंध नव्हता. देणगीच्या एका डॉलरमागे किती फायदा होतो हे ते तपासू लागले, आणि आजही तिथे संशोधन करणारी माणसंच प्रामुख्याने असतात.

म्हणून संस्था कुठल्या प्रकारात बसते हे न बघता अर्ज करू नये. एकच अर्ज चारही ठिकाणी पाठवणाऱ्याला चारही ठिकाणांहून उत्तर येत नाही.

दुसरी पायरी: संस्थापक सोडा, मधली फळी वाचा

संस्थापकांच्या कथा वाचायला छान असतात, पण नोकरी शोधणाऱ्याच्या फारशा उपयोगाच्या नाहीत. गरिबांना आरोग्यसेवा देणारी पार्टनर्स इन हेल्थ ही संस्था १९८७ साली उभी राहिली. पॉल फार्मर आणि जिम योंग किम हे दोघे डॉक्टरही आणि मानववंशशास्त्रज्ञही. त्यांच्यासोबत ऑफेलिया डाल, फार्मर यांचे कॉलेजमित्र टॉड मॅककॉर्मॅक आणि बॉस्टनचे बांधकाम व्यावसायिक टॉम व्हाइट होते. यातून एवढंच शिकावं, की पहिल्या दिवसापासून तिथे फक्त डॉक्टर नव्हते. फार्मरसारखं दोन विषयांत उच्चशिक्षण घेऊन हैतीत दवाखाना काढणं हा काही करिअरचा आराखडा नव्हे. अगदी वरच्या खुर्च्यांचंही तेच. एड्स, क्षयरोग आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसा पुरवणाऱ्या ग्लोबल फंडचे २०१८ मध्ये प्रमुख झालेले पीटर सँड्स त्याआधी स्टँडर्ड चार्टर्ड बँकेचे मुख्याधिकारी होते. तुम्ही बँकेत कारकून असाल तर त्यांच्या वाटेचा तुम्हाला काय उपयोग?

उपयोग होतो तो मधल्या आणि खालच्या फळीचा. प्रोग्राम ऑफिसर, पुरवठा समन्वयक, अनुदान व्यवस्थापक, माहिती विश्लेषक अशा पदांवरच्या वीस-पंचवीस जणांची सार्वजनिक माहिती वाचा आणि एका तक्त्यात भरा. चार रकाने पुरेत: आताचं पद, त्याच्या लगेच आधीचं काम, शिक्षण, आणि पहिल्यांदा या क्षेत्रात शिरताना मिळालेलं पद. सगळ्यात महत्त्वाचा रकाना चौथा. आज 'संचालक' असलेली बाई बारा वर्षांपूर्वी कोणत्या दारातून आत आली होती ते कळलं, की ते दार अजून उघडं आहे का हे तपासता येतं.

तक्ता भरताना एक खूण लक्षात ठेवा. एकाच पदावरच्या चौघांची पार्श्वभूमी सारखी निघाली, तर ती बहुधा अट आहे. चौघे चार दिशांनी आलेले असले, तर तिथे पदवीपेक्षा कामाचा अनुभव पाहतात. साथरोगतज्ज्ञाच्या पदावर पहिला प्रकार दिसेल, कार्यक्रम समन्वयकाच्या पदावर दुसरा.

तिसरी पायरी: दारं ओळखा

इथे जरा थांबू, कारण बाहेरच्यांना जवळजवळ काहीच माहिती नसते ती याचीच.

सगळ्यात कमी लेखलेलं दार पुरवठ्याचं. बहुतेक लसी कारखान्यापासून मुलाच्या दंडापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिल्या पाहिजेत. मधे वीज जाते, ट्रक अडकतो, फ्रिजचं दार नीट लागत नाही. लसीच्या कुपीवर एक छोटा चौकोन असतो. उष्णता साचत जाते तसा तो गडद होतो, आणि भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी फेकायची. तोंडी पोलिओ लसीवर १९९६ पासून आलेलं हे चिन्ह पाथ या संस्थेच्या पुढाकारातून घडलं, आणि त्यामागे पदार्थविज्ञान आणि उत्पादन जाणणारी माणसं होती. ते चिन्ह रोज वाचून निर्णय घेणारा गोदामपाल, बिघडलेला फ्रिज दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, मार्ग आखणारा वाहतूक व्यवस्थापक या सगळ्यांना संस्था पगार देते. एमएसएफमध्ये 'लॉजिस्टिशियन' हे एक स्वतंत्र आणि मानाचं पद आहे. जनरेटर, गाड्या, रेडिओ, तंबू, पाणी, इमारत, सगळं त्याच्याकडे. सुतारकाम, वायरिंग आणि इंजिन येणारा माणूस तिथे पदवीवाल्यापेक्षा लवकर स्थिरावतो. रायडर्स फॉर हेल्थ ही संस्था तर मोटारसायकल शर्यतीच्या जगातल्या लोकांनी काढली, ज्यात शर्यतपटू रँडी मामोला होते. आफ्रिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या निव्वळ देखभालीअभावी बंद पडून राहतात हे त्यांनी पाहिलं, आणि ते दुरुस्त करण्याचं काम त्यांना येत होतं.

पाणी आणि स्वच्छतेचे अभियंते याच कुळातले. आणीबाणीच्या छावणीत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी हा मदतकार्यासाठी ठरवलेल्या स्फिअर मानकांतला आकडा त्यांच्या तोंडी असतो. कॉलऱ्याच्या साथीत नळ आणि क्लोरीन सांभाळणारा माणूस डॉक्टरइतकेच जीव वाचवतो, हे मी उगाच गोड बोलायचं म्हणून सांगत नाही. आलेल्या रुग्णाला डॉक्टर सलाइन लावून वाचवतो, पण रुग्ण येणंच कमी होतं ते पाण्यामुळे.

खरेदी आणि वाटाघाटी हे आणखी एक दार. एचआयव्हीच्या औषधांचा किमतीचा इतिहास पाहा. २००३ मध्ये क्लिंटन यांच्या संस्थेने जेनेरिक कंपन्यांशी करार करून एका रुग्णाचा वर्षाचा खर्च १४० डॉलरच्या आत आणला. २०१७ मध्ये डोल्युटेग्रॅव्हिर असलेली नवी एकत्रित गोळी वर्षाला सुमारे ७५ डॉलरला मिळेल असा करार अनेक संस्थांनी मिळून केला. हे उदार मनाने झालं नाही. कोणीतरी मागणीचा अंदाज बांधला, अनेक देशांची मागणी एकत्र केली, कच्च्या रसायनाचा खर्च कुठे कमी होतो ते तपासलं आणि मग टेबलाशी बसून भाव पाडला. कारखान्यात किंवा कंपनीच्या खरेदी विभागात वर्षं घालवलेल्या माणसाला हे काम ओळखीचं वाटेल.

मग माहितीचं दार. ७० हून अधिक देशांची आरोग्य माहिती डीएचआयएस-२ या मुक्त संगणकप्रणालीत भरली जाते. तिची पाळंमुळं १९९० च्या दशकातल्या दक्षिण आफ्रिकेत आहेत आणि आज तिची धुरा ऑस्लो विद्यापीठाकडे आहे. ही एक प्रणाली नीट शिकलात तर एका देशात नव्हे, कितीतरी देशांत तुमचा उपयोग आहे. मात्र 'डेटा सायंटिस्ट' होऊन येणाऱ्यांचा एक भ्रमनिरास आधीच करतो: निम्मं काम दवाखान्यातल्या वहीत आकडा चुकीचा का पडला हे शोधण्याचं असतं. ज्याला वही हाताळायचा कंटाळा आहे त्याने इकडे फिरकू नये. 'देखरेख आणि मूल्यमापन' नावाचं पद याच घरातलं. नवख्यांना सगळ्यात जास्त जागा मिळतात त्या बहुधा इथेच, कारण प्रत्येक देणगीदाराला अहवाल हवा असतो. अर्थशास्त्रज्ञही याच वाटेने येतात. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी केनियातल्या शाळांमध्ये जंतनाशक गोळ्यांचा अभ्यास केला, त्यातून जंतनाशक मोहिमांना मोठं बळ मिळालं आणि अशा प्रयोगांसाठी मनुष्यबळाची मागणीही वाढली. शाळाशाळांत फिरून नोंदी घेणारे सर्वेक्षक हे त्या मनुष्यबळातलं पहिलं पद.

समाजशास्त्र किंवा मानववंशशास्त्र शिकलेल्यांना घरचे विचारतात, याचं पुढे काय करणार? पश्चिम आफ्रिकेतली २०१४ ची इबोला साथ हे त्याचं एक उत्तर. मृताला हात लावून, अंघोळ घालून निरोप देण्याच्या रीतीतून संसर्ग पसरत होता. पांढऱ्या पोशाखातली पथकं येऊन मृतदेह पिशवीत घालून नेऊ लागली, तेव्हा लोक आजारी माणसं आणि मृतदेह लपवू लागले. धर्मगुरू आणि मानववंशशास्त्रज्ञ यांच्याशी बोलून जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाची नवी पद्धत जाहीर केली. कुटुंबाला प्रार्थनेला, निरोपाला जागा मिळाली. ही दुरुस्ती रोगजंतूंच्या माहितीतून निघाली नाही, लोकांशी बोलून निघाली.

लेखापाल, अनुदान सांभाळणारे, कायदा पाहणारे, मनुष्यबळ विभाग, निधी संकलन, संवाद: यांची गरज सगळ्याच संस्थांना असते आणि तिथे येणारे बहुतेक थेट इतर क्षेत्रांतून येतात. एमएसएफ १९७१ मध्ये स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत पत्रकारही होते. एक सांगतो, लेखापालाला इथे एक नवी गोष्ट शिकावी लागते. आलेल्या पैशाला अटी बांधलेल्या असतात. मलेरियाविरोधी मच्छरदाण्यांसाठी आलेला पैसा, गरज कितीही असो, क्षयरोगाच्या गोळ्यांवर खर्च करता येत नाही. ज्याला हे हिशेब चोख ठेवता येतात त्याच्या मागे संस्था लागतात.

आणि डॉक्टर? लागतातच. पण ताज्या पदवीधराला थेट मोहिमेवर पाठवणारी संस्था विरळा. पदवीनंतरचा दोनेक वर्षांचा अनुभव, कमी साधनांत काम केल्याचा पुरावा, आणि शक्य असेल तर उष्णकटिबंधीय आजारांची पदविका मागतात. लंडन आणि लिव्हरपूलच्या वैद्यकीय शिक्षणसंस्था त्यासाठी ओळखल्या जातात. तिथे गेल्यावर रुग्ण तपासण्यापेक्षा इतरांना शिकवणं, औषधांचा साठा पाहणं, अहवाल लिहिणं यातच जास्त दिवस जातात. ज्याला फक्त रुग्ण तपासायचेत त्याने हे आधीच विचारून घ्यावं.

चौथी पायरी: आपलं काम त्यांच्या गरजेच्या भाषेत मांडा

अर्जात 'समाजसेवेची तळमळ' लिहू नका. ती सगळ्यांनीच लिहिलेली असते. तुमच्या हातून काय काम झालं ते लिहा. 'गोदाम व्यवस्थापक होतो' यापेक्षा 'मुदत संपणाऱ्या मालाची यादी दर आठवड्याला काढायचो, जुना माल आधी जाईल अशी मांडणी केली, वाया जाणं घटलं' हे वाक्य औषधसाठा पाहणाऱ्याच्या लगेच ध्यानात येतं. शाळेत शिकवत असाल तर 'प्रशिक्षण' हा तुमचा अनुभव आहे. आरोग्यसेविकांना नवी नोंदवही शिकवणं हे तेच काम. आकडा खरा असेल तरच घाला, मुलाखतीत त्याच्यावरच बोट ठेवतात.

मुलाखतीत प्रसंग देतात: 'मंगळवारी औषध संपणार आहे, ट्रक शुक्रवारी येणार, काय कराल?' यात शूर उत्तर नको असतं. आधी काय तपासाल, कोणाला कळवाल, कोणाची परवानगी घ्याल, हा क्रम पाहतात.

पाचवी पायरी: शिका, पण उलट्या क्रमाने नाही

सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी आधी घ्यायची आणि मग काम शोधायचं, हा क्रम मला पटत नाही. खर्च मोठा, आणि अनुभवाशिवाय ती पदवी हातात धरून उभे असलेले पुष्कळ असतात. आधी आपल्याच व्यवसायात दोन-तीन वर्षं पक्की करा, मग या क्षेत्रात एखादं छोटं काम मिळवा, आणि कुठे अडतंय ते कळल्यावर पदवी घ्या. अपवाद साथरोगशास्त्राचा आणि संख्याशास्त्राचा. तिथे शिक्षणाविना आत प्रवेशच नाही.

पदवीपेक्षा स्वस्त आणि कामाच्या गोष्टी: फ्रेंच भाषा (पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या कितीतरी जागा तिच्यावाचून भरत नाहीत), स्प्रेडशीटवर घट्ट पकड, गिअरची गाडी चालवता येणं. जागतिक आरोग्य संघटनेचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत. त्यांची प्रमाणपत्रं नोकरी देत नाहीत, पण मुलाखतीत बोलायला शब्द देतात.

सहावी पायरी: यादीत नसलेली माणसं मोजा

संस्थेने छापलेल्या नावांत एक मोठा गट सहसा नसतो: गावात फिरणाऱ्या आरोग्यसेविका, चालक, दुभाषे, पहारेकरी, सफाई करणारे. मोठ्या वैद्यकीय संस्थांचे बहुसंख्य कर्मचारी ज्या देशात काम चालतं तिथलेच असतात. 'परदेशी मोहीम' हा त्यातला छोटासा तुकडा, फोटो मात्र त्याचेच जास्त.

याचे दोन व्यावहारिक अर्थ. तुमच्याच देशात एखादी संस्था काम करत असेल तर स्थानिक पदापासून सुरुवात करणं हा जास्त खात्रीचा रस्ता आहे. भाषा, सरकारी कचेरीतली ओळख, कुठला रस्ता पावसात बंद होतो याची माहिती, हे बाहेरून आलेल्याला वर्षभरात मिळत नाही. दुसरं, संस्था पारखताना बघा की वरच्या पदांवर कामाच्या देशातली माणसं किती आहेत आणि आरोग्यसेविकांना पगार मिळतो का. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत त्यांना कामाचा मोबदला द्यावा असं म्हटलं आहे. मानाचं प्रशस्तिपत्र देऊन फुकट राबवून घेणारी संस्था तुमच्याशीही पुढे वेगळं वागेल अशी आशा धरू नका.

सातवी पायरी: पैसा कुठून येतो ते विचारा

२०२५ च्या आधी हा भाग मी दोन ओळींत उरकला असता. त्या वर्षी अमेरिकी सरकारने यूएसएडचे, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या आपल्याच यंत्रणेचे, बहुसंख्य कार्यक्रम रद्द केले आणि १ जुलैला ती यंत्रणा बंदच झाली. तिच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांतून अनुभवी माणसं मोठ्या संख्येने बाहेर पडली. आज एखाद्या जागेसाठी अर्ज करताना तुमच्या शेजारच्या अर्जात पंधरा वर्षांचा अनुभव असू शकतो. हे जाणूनच उतरा, आणि सध्याची नोकरी हातात असताना अर्ज करा.

एमएसएफचं जवळजवळ सगळं उत्पन्न खासगी देणग्यांतून येतं. दुसरी एखादी संस्था एकाच सरकारवर उभी असते. अमेरिकेत नोंदलेल्या बहुतेक ना-नफा संस्थांना दरवर्षी ९९० नावाचं विवरणपत्र भरावं लागतं आणि ते कोणालाही पाहता येतं. उत्पन्न, खर्च, वरिष्ठांचे पगार, सगळं त्यात असतं. मुलाखतीच्या आदल्या रात्री ते वाचून जा.

जागा शोधायला रिलीफवेब हे संयुक्त राष्ट्रांचं व्यासपीठ आणि डेव्हेक्स हे विकासक्षेत्राचं संकेतस्थळ, हे नेहमीचे पत्ते. वेतनाशिवाय सहा महिने राबवणाऱ्या इंटर्नशिपकडे संशयाने पाहा, ती फक्त खर्च झेपणाऱ्यांसाठीच उघडी असते.

शेवटी, तक्त्यातल्या एखाद्याला पत्र लिहाल तेव्हा 'मला मार्गदर्शन करा' असं मोघम लिहू नका. तीनच प्रश्न पाठवा. तुमचा सर्वसाधारण मंगळवार कसा जातो? तुमच्या पदावरचा याआधीचा माणूस का सोडून गेला? आणि तुमचा करार ज्या अनुदानाशी बांधलाय ते कधी संपतं? पहिल्या दोहोंची उत्तरं बरेच जण देतात. तिसऱ्याचं उत्तर देणारा भेटला, तर त्याच्याशी ओळख ठेवा.